गिटारच्या रेकॉर्डिंगला पन्नास हजारांचा माइक लागत नाही

गिटार शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत गेले काही महिने एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. घरी अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करणाऱ्यांना त्यात सात आज्ञा आहेत. ५०,००० रुपयांखालचा माइक म्हणजे खेळणं. मोठ्या डायफ्रॅमचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सरच, म्हणजे बाहेरून वीज लागणारा माइकच घ्या; बिनविजेच्या डायनॅमिकवर गिटार येत नाही. माइक साउंडहोलसमोर (गिटारच्या पोटावरच्या गोल भोकासमोर), शक्य तितका जवळ लावा. भिंतींना फोम चिकटवा. दोन माइक हवेतच. यूएसबी माइकला हात लावू नका. ९६ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला आवाजाचे ९६,००० नमुने) खाली रेकॉर्ड करू नका. आणि शेवटची ओळ: एवढे पैसे जमेपर्यंत थांबा.

डोंबिवलीत माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा हे वाचून खरोखरच थांबला. स्वतः बांधलेल्या चार चाली तयार, बोटं तयार, आणि वर्षभरात एकही टेक नाही. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी किमतीचं बघू. माइकसमोर संपूर्ण शांतता असली तरी त्याच्या आतल्या सर्किटमधून एक बारीक सूं-सूं येत असते. तिला सेल्फ नॉइज म्हणतात, आणि माइकच्या माहितीपत्रकात तिचा आकडा दिलेला असतो; तो जितका कमी तितकं चांगलं. जगभरच्या स्टुडिओंत मानाने वापरला जाणारा, लाखांच्या घरातला नॉयमनचा यू ८७ एआय घ्या: त्याचा आकडा १२ डेसिबल. त्याच्या कितीतरी पट स्वस्त असलेल्या रोडच्या एनटी१ चा आकडा ४. त्याहूनही स्वस्त ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा २०. म्हणजे निदान या एका कसोटीवर किंमत आणि गुण हातात हात घालून चालत नाहीत.

आता आपल्या खोलीचा आकडा. माझं घर रेल्वेमार्गापासून फार लांब नाही. रात्री दीड वाजता, लोकल थांबल्यावर, पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, तरी फोनवरचं मीटर ३५ च्या खाली फारसं उतरत नाही. फोनचं मीटर काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. पंखा लावला की आकडा आणखी चढतो. खोलीच ३५ डेसिबलची असेल तर ४ आणि २० यांतला बराचसा फरक त्या आवाजाखाली दबून जातो. सगळा नाही, हे कबूल करतो. खोलीचा आवाज बहुतेक खर्जातला असतो आणि माइकची सूं-सूं वरच्या पट्टीतली, त्यामुळे अगदी हळुवार वाजवताना २० चा माइक थोडा उघडा पडतो. पण त्यावर उपाय म्हणून ५०,००० घालण्याआधी पंखा बंद करून बघा.

मजकुरात खऱ्याचा एक अंश आहे, तोही सांगतो. माइक, स्टँड, पॉप फिल्टर आणि साउंडकार्ड असं सगळं दोन हजारांत देणारे जे संच मिळतात, ते घेऊ नका. कंडेन्सर माइकला साधारणपणे ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या वायरमधूनच येणारी वीज) लागतो. यांतले बरेच माइक संगणकाच्या जॅकमधून मिळणाऱ्या मोजक्या व्होल्टवर कसेबसे चालतात, आणि मग सूं-सूं गिटारच्या बरोबरीने ऐकू येते. म्हणजे तळ आहे. पण तो तळ ५०,००० वर नाही, त्याच्या खूप खाली आहे.

"डायनॅमिकवर गिटार येत नाही." या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण पुष्कळ मुलांच्या घरी किंवा कॉलेजच्या बँडकडे एक डायनॅमिक माइक आधीच पडलेला असतो. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासूनचा डायनॅमिक माइक. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या आपल्या भाड्याच्या घरात, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या टास्कॅम पोर्टास्टुडिओवर, दोन एसएम५७ लावून गिटार आणि गळा टिपला. ते नमुन्याचं रेकॉर्डिंग होतं. पुढे बँडबरोबर पुन्हा करून बघितलं, मनासारखं झालं नाही, आणि ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आली. तिचा आवाज चकचकीत नाही. पण गिटार येत नाही असं ती ऐकून कुणी म्हणणार नाही.

डायनॅमिकची मर्यादा वेगळीच आहे, आणि ती माहीत हवी. एसएम५७ वरून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. एक पास्कल ध्वनिदाबाला त्याच्यातून १.६ मिलिव्होल्ट येतात, एटी२०२० मधून सुमारे १४. त्यामुळे इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, बराच वर न्यावा लागतो, आणि स्वस्त इंटरफेस शेवटच्या टप्प्यात स्वतःच सुसू लागतो. शिवाय एसएम५७ चा पल्ला १५,००० हर्ट्झला (सेकंदाला इतकी कंपनं) संपतो, म्हणून तारेवर नख घासल्याची चमक कमी येते. जोरकस स्ट्रमिंग असेल तर या दोन्ही गोष्टी जाणवतही नाहीत. नायलॉनच्या तारांवर हलक्या बोटांनी वाजवणार असाल तर मात्र कंडेन्सर घ्या.

कोकणपट्टीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी त्या मजकुरात कुठेच नाही. पावसाळ्यात कंडेन्सरच्या कॅप्सूलला दमट हवा बाधते, मधूनच चुरचुर आणि फटफट सुरू होते. वापर झाला की तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा, पुड्या गुलाबी पडल्या की बदलायच्या. डायनॅमिकला हे लाड लागत नाहीत.

आणि "मोठा डायफ्रॅमच" का? १०,००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर असते. एक इंचाचा डायफ्रॅम त्या लांबीच्या जवळपास जातो, म्हणून बाजूने येणारे वरचे सूर त्याच्यावर कमी-जास्त होऊन, रंग बदलून पडतात. पेन्सिलसारख्या बारीक माइकचा डायफ्रॅम त्याच्या निम्मा असतो, तो बाजूचा आवाजही पुष्कळसा सरळ घेतो. चार भिंतींच्या लहान खोलीत बाजूचा आवाज येतोच येतो. म्हणून गिटारसाठी छोटा डायफ्रॅम हा फार जुना, विचारपूर्वक केलेला पर्याय आहे. त्याची सूं-सूं मोठ्यापेक्षा जरा जास्त असते, एवढाच सौदा. गंमत अशी की ज्या एटी२०२० ला सगळे मोठ्या डायफ्रॅमचा म्हणतात, त्याचा डायफ्रॅम जेमतेम १६ मिलिमीटरचा आहे.

यापुढचा मुद्दा सगळ्यांत घातक. "साउंडहोलसमोर, शक्य तितका जवळ." हे ऐकून ज्याने ५०,००० चा माइक घेतला असेल, त्याला त्यातून ५,००० चा आवाज मिळेल.

गिटारचं पोट आणि साउंडहोल मिळून तोंडावर फुंकर मारलेल्या बाटलीसारखं काम करतात. आतली हवा एका ठरावीक सुराला घुमते. ड्रेडनॉट आकाराच्या (मोठ्या पोटाच्या) गिटारमध्ये हा सूर १०० हर्ट्झच्या आसपास असतो. आता जी कॉर्ड धरा. सहाव्या तारेवरचा तिसरा फ्रेट, म्हणजे ९८ हर्ट्झ. बरोबर तिथेच! म्हणून साउंडहोलसमोर माइक ठेवून जी कॉर्ड छेडली की भोंऽऽ असा घुमारा येतो आणि बाकीच्या पाच तारा त्याखाली गाडल्या जातात. त्यात कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकची सवय अशी, की आवाजाच्या उगमाजवळ नेला की तो खर्ज फुगवतो. साउंडहोल आणि जवळीक, दोन्ही एकाच वेळी केलं की चिखल होणारच.

माइक बाराव्या फ्रेटकडे न्या, मान जिथे पोटाला मिळते त्या भागाकडे. अंतर वीस ते तीस सेंटिमीटर, तोंड किंचित साउंडहोलच्या दिशेने वळवलेलं, पण थेट त्यात नाही. तिथून दोन-दोन सेंटिमीटर सरकवत ऐका. माझी पद्धत अशी: दुसऱ्या कुणाला गिटार वाजवायला सांगायचं, आपण एक कान बोटाने बंद करायचा आणि दुसरा कान माइकसारखा गिटारभोवती फिरवायचा. जिथे कानाला बरं वाटतं तिथे माइक लावायचा. घरात कुणी वाजवणारं नसेल तर हेडफोन घालून स्वतः वाजवत हलकेच इकडे-तिकडे सरकायचं. पाच मिनिटांत जो फरक ऐकू येतो, तो माइक बदलूनही क्वचितच येतो.

फोमबद्दल लोक फार भाबडे आहेत. इंचभर जाडीचा फोम, किंवा अंड्यांचे ट्रे, वरचे सूर थोडे शोषतात आणि खर्जाला हातही लावत नाहीत. भिंतीला चिकटवलेला पदार्थ नीट शोषायला हवा असेल तर त्याची जाडी लहरीच्या लांबीच्या साधारण पाव भाग लागते. १,००० हर्ट्झला हे साडेआठ सेंटिमीटर होतं, १०० हर्ट्झला जवळजवळ ८६. एवढा फोम लावला तर खोलीत गिटार बसणार नाही. पातळ फोमने खोली उलट मंद आणि घुमी होते, कारण वरची चमक गेली आणि खालचा घुमारा तसाच राहिला.

आपल्याकडच्या फ्लॅटमधली मुलांची खोली बहुधा १० बाय १० फुटांची. चौरस खोलीत दोन्ही बाजूंचे अनुनाद (खोली स्वतः ज्या सुरांना घुमते ते) एकाच सुरावर येतात: पहिला ५६-५७ हर्ट्झच्या आसपास, दुसरा ११२-११३ च्या. गिटारची मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झची. दुसऱ्या अनुनादाचा जोर बरोबर खोलीच्या मध्यभागी असतो. म्हणजे खुर्ची मधोमध टाकून बसलात की पाचवी तार विनाकारण दांडगाई करते, आणि दोष माइकवर जातो. मध्यापासून सरका, एका भिंतीपासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर बसा. पाठीमागे आणि बाजूला जाड गाद्या उभ्या करा, कपड्यांचं कपाट उघडं टाका, दोरीवर दोन गोधड्या घडी घालून सोडा. याला काही खर्च नाही.

दोन माइकचा आग्रहही असाच. दोन माइक चांगले, पण ते नीट लावता आले तर. एका माइकपर्यंत आवाज दुसऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटर जास्त चालून पोहोचला, आणि दोन्ही एकत्र मोनोत (एकाच वाहिनीत) मिसळले, तर १,००० हर्ट्झ तिथेच एकमेकांना खाऊन टाकतात. फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकताना गिटार पोकळ वाटते ती यामुळे. एका माइकने पसरट आवाज हवा असेल तर तोच भाग दोनदा वाजवा, एक टेक डावीकडे टाका, एक उजवीकडे. दोन वेळा वाजवण्यातले बारीक फरकच रुंदी देतात. यात हातही बसतो.

यूएसबी माइकचं थोडक्यात. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला तो पुरतो. एटी२०२० याच नावाने यूएसबी रूपातही मिळतो. खरी अडचण उद्या दुसरा माइक जोडावासा वाटला की येते, कारण दोन यूएसबी माइकची आतली घड्याळं वेगवेगळी चालतात आणि रेकॉर्डिंग मागेपुढे होतं. पुढे वाढायचं असेल तर साधा इंटरफेस आणि एक्सएलआरचा (तीन पिनांच्या जोडणीचा) माइक घ्या. ९६ किलोहर्ट्झची गरज नाही: ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२,००० हर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं आणि माणसाचा कान २०,००० ला थांबतो. २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) मात्र ठेवा, आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या (रेकॉर्डिंगची कमाल मर्यादा ० धरून) आसपास राहील एवढाच गेन द्या.

राहिलं "थांबा". त्या मुलाला मी कॉलेजच्या बँडकडून त्यांचा डायनॅमिक माइक एका आठवड्यासाठी मागून आणायला लावला. पहिल्या रात्री त्याने तो साउंडहोलसमोर लावला, कारण मजकुरात तसं लिहिलं होतं, आणि वैतागून मला फोन केला. दुसऱ्या रात्री बारावा फ्रेट, खुर्ची कपाटाकडे, पंखा बंद. चारपैकी तीन चाली त्या आठवड्यात झाल्या. चौथी नाजूक बोटांची आहे, तिला तो माइक खरंच अपुरा पडला, आणि तिच्यासाठी तो आता सेकंडहँड पेन्सिल कंडेन्सर बघतो आहे. त्याआधी त्याने स्टीलच्या तारांचा नवा संच घेतला. जुन्या तारा घामाने काळ्या पडल्या होत्या.