गाडी वर चढते, फुटपाथ खाली उतरत नाही

पुण्याहून कोणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "ऑटोबानवर किती पळवलीस गं?" पाच वर्षं जर्मनीतल्या आखेनला काढली, आता चार वर्षं नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला आहे, तरी प्रश्न तोच. मला त्या वेगाचं आता काही वाटत नाही. जर्मनी आणि नेदरलँड्स या दोन देशांत गाडी चालवताना मी जे काही शिकले, ते ताशी 30 च्या गल्ल्यांमध्ये शिकले. त्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून स्वतःहून लिहिते.

वेगाचं पटकन उरकते. जर्मनीत ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या हायवेवर, सरसकट मर्यादा नाही. 130 ही 1978 पासूनची फक्त शिफारस आहे, आणि बऱ्याच पट्ट्यांवर पाट्या लावून मर्यादा घातलेली असतेच. नेदरलँड्समध्ये मार्च 2020 पासून हायवेवर सकाळी 6 ते संध्याकाळी 7 ताशी 100. हे अपघातांसाठी केलेलं नाही, नायट्रोजनचं प्रदूषण कमी करायला केलं. 2025 मध्ये काही मोजक्या पट्ट्यांवर पुन्हा 130 झालं. आखेनहून हद्द ओलांडून हेरलेनच्या बाजूला आलात की पाय आपोआप वर येतो, एवढंच.

सिग्नलचं मात्र लक्षात ठेवा. जर्मनीत हिरवा लागण्याआधी लाल आणि पिवळा एकत्र लागतात, गिअर टाकायला क्षणभर मिळतो. इथे लालवरून थेट हिरवा. सुरुवातीला प्रत्येक सिग्नलला माझी गाडी उशिरा हलायची.

आता मुद्द्याचं. माझं पुण्याचं लायसन्स आखेनला सहा महिनेच चाललं, मग लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागल्या. (नेदरलँड्समध्ये परदेशातून बोलावलेल्या तज्ज्ञ नोकरदारांसाठीच्या 30 टक्के करसवलतीवर आलेल्यांना परीक्षा न देता भारतीय लायसन्स बदलून मिळतं. हे मला अजिबात पटत नाही. आपल्याकडून थेट आलेल्या माणसाने या सायकलींच्या गर्दीत गाडी घालण्याआधी कोणीतरी शेजारी बसून त्याला शिकवायलाच हवं.) आखेनचे माझे सर साठीचे होते. त्यांची दोनच वाक्यं. एक, "शुल्टरब्लिक!", म्हणजे वळण्याआधी मान वळवून खांद्यावरून बघ, आरशावर विसंबू नकोस. दुसरं, "रेश्ट्स फोर लिंक्स". पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा आधी जाणार, मग तो ट्रक असो की सायकल. मी एकदा माझा हक्क असताना थांबले आणि समोरच्याला हाताने 'जा' म्हटलं. सर रागावले. "हक्क तुझा आहे, तर जा. तू थांबलीस की बाकीच्यांना काय करायचं ते कळत नाही."

जर्मन रस्ता यावर चालतो. कोणाचा हक्क ते ठरलेलं, प्रत्येकाला पाठ, आणि प्रत्येक जण त्याप्रमाणे वागणार हे गृहीत. त्यात एक मोठी निश्चिंती आहे हे मी मनापासून सांगते. पण जो चुकेल त्याचं काय, हा प्रश्न उरतो. आठ वर्षांचं मूल चुकेलच ना?

उजवीकडच्याला मान हा नियम नेदरलँड्समध्येही आहे. गंमत म्हणजे उजवीकडून येणाऱ्या सायकलला तो मान इथे मिळाला 1 मे 2001 ला. तोवर तिनेच गाडीसाठी थांबायचं. म्हणजे कागदावरच्या नियमात हा देश मागेच होता. फरक आहे तो रस्त्याच्या बांधणीत.

आमच्या घराजवळ एक छोटी गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते. तिथे फुटपाथ तुटत नाही. त्याच करड्या फरशा, तीच उंची, गल्लीच्या तोंडावरून सरळ पलीकडे जातात. शेजारचा लाल डांबराचा सायकलमार्गही तसाच सलग. गल्लीतून बाहेर पडताना गाडीची पुढची चाकं छोट्या चढावर चढतात, गाडीचं नाक वर होतं, आणि ड्रायव्हरला अंगातूनच कळतं की आपण दुसऱ्याच्या जागेत आलो. पाटी वाचायची गरजच नाही. जर्मन नियमपुस्तकातही असं फुटपाथ ओलांडणाऱ्याने सगळ्यांना वाट द्यायची असते, पण मी राहिले त्या भागात बहुतेक कोपऱ्यांवर फुटपाथ संपायचा, पायी चालणारा खाली उतरायचा आणि डावी-उजवीकडे बघायचा. इथे तो उतरत नाही, गाडी चढते.

हे आपोआप झालेलं नाही. 1971 मध्ये नेदरलँड्सच्या रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात 400 हून जास्त मुलं होती. स्वतःची मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने 'स्टॉप द किंडरमोर्ड', म्हणजे मुलांचे खून थांबवा, या मथळ्याखाली लेख लिहिला आणि आईबाप रस्त्यावर उतरले. जर्मनीत 1974 साली, तेलाच्या टंचाईमुळे लावलेली वेगमर्यादा उठवण्यासाठी घोषणा गाजली ती 'मुक्त नागरिकांना मुक्त प्रवास'. एकाच दशकातल्या या दोन घोषणा मला फार बोलक्या वाटतात.

इथल्या आपल्या लोकांत एक समज पक्का आहे की नेदरलँड्समध्ये सायकलवाल्याची चूक कधी धरतच नाहीत. तसं नाही. नुकसानभरपाईपुरतं बोलायचं तर 14 वर्षांखालच्या मुलाला गाडी लागली की जवळपास प्रत्येक वेळी पूर्ण भरपाई गाडीच्या विम्यातून जाते. मोठा माणूस असेल तर चूक त्याची असूनही साधारणपणे निम्मी तरी मिळते. जर्मनीतही गाडी हीच मुळात धोका, असं कायदा मानतो, पण मुलाला सूट 10 वर्षांपर्यंतच. मला 14 बरोबर वाटतं. दीड टनाचं लोखंड घेऊन निघालेल्याने जास्त भार उचलायलाच हवा.

म्हणून इथलं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. अलीकडे इथे अपघाती मृत्यूंत कारमधल्या माणसांपेक्षा सायकलस्वार जास्त असतात, आणि त्यात वयस्कर माणसं बरीच. दंडाची रीत तर मला जर्मनांचीच पटते. तिथे कॅमेरा समोरून चेहऱ्याचा फोटो घेतो, कारण शिक्षा चालवणाऱ्याला. चुकांबद्दल दंडाचे गुण साठतात, 8 झाले की लायसन्स गेलं. इथे साध्या वेगाच्या दंडाची चिठ्ठी गाडी ज्याच्या नावावर त्याला, आणि गुण नाहीत. मागच्या वर्षी मावसभावाने माझी गाडी भरधाव चालवली आणि पैसे मी भरले. हातात फोन धरला तर इथे 400 युरोंच्या वर दंड, जर्मनीत 100 आणि एक गुण. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला गुणच रोखतो.

आणि रेटुंग्सगासं! ऑटोबानवर वाहतूक तुंबू लागली की सगळ्यात डावीकडची रांग डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे, मध्ये ॲम्ब्युलन्सला वाट. सायरन ऐकू यायच्या आधीच. एकदा कोलोनजवळ पावसात मी त्या रांगेत उभी होते. दूरवर शेकडो लाल दिवे आणि मधोमध सरळ मोकळी काळी पट्टी. दोन मिनिटांनी त्यातून निळा दिवा गेला, वेग जराही कमी न करता. तो देश सोडल्यावर मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे.

आता सकाळी लेक सायकलवर पुढे असते आणि मी मागे. नऊ वर्षांची आहे. त्या गल्लीच्या तोंडाशी काल एक डिलिव्हरी व्हॅन आली, नाक वर केलं आणि थांबली. लेकीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, बोलत बोलत सरळ पुढे गेली. मी मात्र मान वळवून बघितलं, आखेनच्या सरांनी सांगितलं होतं तसं.