अंत्युखियाची पंगत

बंधू, प्रभूमध्ये सलाम.

माझ्या 'लपलेला मी' या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, 'लपलेला मी', म्हणजे विश्वासणाऱ्याच्या आत दडून राहिलेला जुना माणूस, हे मानसशास्त्राचं खूळ आहे. बायबलातल्या २ करिंथ ५:१७ प्रमाणे ख्रिस्तात आलेला माणूस नवी उत्पत्ती, जुनं ते होऊन गेलं. मग पुरलेलं मढं उकरायचं कशाला?

शब्द नको तर नको, मलाही तो फारसा आवडत नाही. पण प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचं काय करायचं ते सांगा. महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात एका दासीला घाबरून त्यानं प्रभूला नाकारलं आणि मग ढसढसा रडला. पुढे पेन्टेकॉस्ट झाला, पवित्र आत्मा उतरला, त्याच यरुशलेमेत तो अधिकाऱ्यांपुढे छाती काढून बोलला. यापोत घराच्या छतावर, कुणालाही अशुद्ध मानू नये असा दृष्टान्त पाहून कर्नेल्य या परराष्ट्रीय रोमी अधिकाऱ्याच्या घरीही गेला. आणि एवढं सगळं झाल्यावर अंत्युखियात (गलती २) परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीला जेवणारा हाच पेत्र, यरुशलेमेतून याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा वेगळा राहू लागला! वाड्याच्या अंगणातली तीच भीती. नव्या उत्पत्तीच्या पोटात.

आता माझं ऐका. मुलीसाठी स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घरात रोज कुटुंबप्रार्थना. चहा पिता पिता मी विचारलं, "मूळ गाव कुठलं? आजोबांचं आधीचं आडनाव काय?" मुलाच्या वडिलांनी कप बशीत ठेवला, अगदी सावकाश, आवाज न करता. मी काय विचारतोय ते त्यांना कळलं होतं. आपल्या मंडळ्यांत ते सगळ्यांनाच कळतं.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "बाप्तिस्म्याची तिसरी पिढी आपली, आणि तुम्ही अजून जात विचारता?" मी म्हणालो, सहज विचारलं. रविवारी प्रभुभोजनाआधी पाळकांनी १ करिंथ ११ मधलं आत्मपरीक्षणाचं वचन वाचलं. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं, मी ते तसंच पुढे दिलं.

तुमचं एक मात्र शंभर टक्के खरं. रोज स्वतःला कुरतडत बसणं ही चैनच आहे. मी वर्षानुवर्षं वहीत पापं लिहिली, त्यांत हे कधीच आलं नाही. ते बायकोला दिसलं, अंत्युखियात पेत्राचं वागणं प्रेषित पौलाला दिसलं तसं. स्तोत्र १३९ मध्ये दावीदही स्वतःची झडती स्वतः घेत नाही, देवाला घ्यायला सांगतो.

त्या घरी फोन करून मी माफी मागितली. "चालायचंच," असं ते म्हणाले. स्थळ काही जुळलं नाही.