‘गावचं नाटक मेलं’ म्हणणाऱ्यांनी एकदा वडसा स्टेशनवर उतरावं

दर वर्षी 5 नोव्हेंबर जवळ आला, की मराठी रंगभूमी दिनाच्या शुभेच्छांबरोबर एक मजकूर फिरायला लागतो. भाषा गहिवरलेली, शेवटी जोडलेले हात. सार असं, की नाटक ही मुळात शहराची कला, ती तिथून गावात गेली. मग टीव्ही आला, मोबाइल आला आणि गावचं नाटक मेलं. कुठे धुगधुगी उरलीच असेल तर ती सरकारी अनुदानावर, आणि तिथे जे चालतं त्याला नाटक म्हणायची लाज वाटावी. यंदा हा मजकूर मला चौघांनी पाठवला. त्यातला एक माझा मामेभाऊ. त्याच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत दर हिवाळ्यात नाटकाचा मंडप पडतो! म्हणून लिहायला बसलो.

मी झाडीपट्टीचा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतला वैनगंगेकाठचा, धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. आमच्या नाटकांची पेठ म्हणजे देसाईगंज, ज्याला सगळे वडसा म्हणतात. गडचिरोली जिल्ह्याची रेल्वेशी गाठ कित्येक वर्षं या एकाच स्टेशनावर पडत आली. बाहेरून येणारे नट, वादक, सामान सगळं इथे उतरणार, म्हणून नाटक कंपन्यांची कार्यालयंही इथेच थाटली गेली असावीत, असा माझा तर्क. दिवाळीच्या सुमाराला गावात फिरलात तर कंपन्यांच्या पाट्या वाचतच चालावं लागतं.

आता मजकुराकडे. ‘नाटक शहरातून गावात गेलं.’ गंमत अशी, की याच मजकुराच्या पहिल्या ओळीत पहिलं मराठी नाटक करणारे विष्णुदास भावे आणि 1843 साल असतं. 1843 ची सांगली म्हणजे पटवर्धनांच्या एका लहानशा संस्थानाचं गाव. कर्नाटकातली भागवत मंडळी तिथे खेळ करून गेली. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेबांना वाटलं, असं काहीतरी आपल्याकडे व्हावं, पण जरा नेटकं. त्यांनी ते काम पदरच्या विष्णुदासांना सांगितलं आणि ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. पदं तेवढी लिहिलेली. भाषणं नटांनी आयत्या वेळी रचायची. 1851 मध्ये आप्पासाहेब वारले, दरबारचा आधार गेला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन पोटासाठी गाव सोडावं लागलं. मुंबईत त्यांचे खेळ झाले 1853 मध्ये, म्हणजे सांगलीनंतर दहा वर्षांनी. मुंबईने तिकीट काढणारा प्रेक्षक दिला, हे खरं. नाटक मात्र तिच्याकडे लहान गावातून चालत आलं.

झाडीचंही तेच. इथे दंडार होती, खडी गंमत होती, ही आमची जुनी लोकनाट्यं. बाईचं सोंग पुरुषाने लुगडं नेसून घ्यायचं, आणि गावाने उजाडेपर्यंत बसून राहायचं. पुढे बाहेरून पडदे आले, पायपेटी आली, संगीत नाटकांची छापील पुस्तकं आली. ते ऋण कोण नाकारतो? पण रात्र जागवायची सवय त्याच्या आधीची.

‘टीव्ही आणि मोबाइलने गावचं नाटक मारलं.’ या वाक्यावर जरा थांबायला हवं, कारण ते सगळ्यांनाच खरं वाटतं. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नाटक म्हणजे दोन-अडीच तासांची करमणूक आहे. तेवढंच असतं तर टीव्हीने ते केव्हाच गिळलं असतं. आमच्याकडे नाटक दिवसाशी बांधलेलं आहे. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते. पुढे कुठे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असतो. धान कापून झालेलं, हातात थोडा पैसा आलेला. गावात मंडई म्हटली की लेकी-जावई, सोयरेधायरे मुक्कामाला येणार. दिवसा मंडई किंवा पट, संध्याकाळी पाहुणचार, रात्री नाटक. दहाच्या सुमाराला पडदा उघडतो, संपेपर्यंत पहाट होते. पाहुण्यांच्या या वर्दळीत मुलगी दाखवली जाते, मुलगा पाहिला जातो, सोयरीक जमते. जावयाला ‘या, आपण मिळून मालिका पाहू’ असं निमंत्रण कुणी धाडल्याचं ऐकलंय? मंडईच्या आधी आमच्याकडे फोनवर पहिला प्रश्न येतो तो ‘कोनता नाटक आहे यंदा?’ हा. जेवायला काय, ते मागाहून.

याची परीक्षाही होऊन गेली आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. त्यात आमचा शंकरपट गेला. नाटकाचा दिवसाचा जोडीदारच गेला म्हणा ना. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत साताहून अधिक वर्षं गेली, आणि नेमक्या त्याच वर्षांत खेड्यातल्या पोरांच्या हातात स्मार्टफोन आणि स्वस्त डेटा आला. दोन्ही मार एकदम. तरी वडशाच्या पाट्या उतरल्या नाहीत. 2020 मध्ये त्यांच्यावर धूळ बसली खरी, पण ती कोरोनाने, टीव्हीने नव्हे.

मोबाइलचं म्हणाल तर नाटकाची जाहिरात आता त्यावरच येते. लाउडस्पीकर लावून फिरणारी गाडी आहेच, शिवाय प्रत्येकाच्या स्टेटसवर नाटकाचं पोस्टर.

‘अनुदानावर जगतंय.’ हे लिहिणारा तिकीटविक्रीच्या टेबलापाशी कधी उभा राहिलेला नाही. मोसमाआधी गावचं मंडळ वडशाला जातं, कंपनी निवडतं, तारीख धरतं, इसार देतं. मंच, पडदे, दिवे, ध्वनी, वादक, कलाकार हे सगळं कंपनीचं. जागा, बंदोबस्त आणि तिकिटं खपवणं गावाचं. खुर्चीचा दर वेगळा, जमिनीवरचा वेगळा. एकाच गावात एकाच रात्री दोन-तीन मंडळांची दोन-तीन नाटकं लागली, की गल्ली विरुद्ध गल्ली असा सामना. पैसे उरले तर देवळाला, नाहीतर गावच्या एखाद्या कामाला. अवकाळी पाऊस आला तर मंडळातले चार जण आपापल्या घरी तोंड लपवून बसतात. काही कलाकारांना मानधन, एखाद्या महोत्सवाला मदत असं सरकारकडून येत असेल, त्याची गरजही आहे. पण थंडीत रात्रभर जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या खिशातून निघालेल्या पैशाला अनुदान म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

दर्जाचं थोडक्यात सांगतो, कारण या वादाला अंत नाही. भडकपणा आहे. गोष्टीशी काडीचा संबंध नसलेली लावणी मध्येच घुसते. तालमी कमी पडतात, प्रॉम्प्टरचा आवाज कधीकधी नायकाच्या आधी ऐकू येतो. हे सगळं कबूल. पण 2023 मध्ये ज्यांना पद्मश्री मिळाली ते परशुराम खुणे गडचिरोली जिल्ह्यातले शेतकरी आहेत, आणि 5,000 हून अधिक प्रयोग, 800 वेगवेगळ्या भूमिका ही नोंद त्या पुरस्काराच्या घोषणेतच होती. पुरस्काराने दर्जा सिद्ध होतो असं माझं म्हणणं नाही. पण एक माणूस आठशे सोंगं पेलतो, आज या गावात तर उद्या त्या गावात, पदं तिथल्या तिथे गाऊन, याला दर्जा नाही तर काय म्हणायचं? मोजपट्टी कुठली लावणार, ते आधी ठरवा.

मग मजकूर सगळाच खोटा का? नाही. त्यात एक खरी गोष्ट आहे, पण लिहिणाऱ्याला ती दिसलेलीच नाही. गावचं नाटक मेलं नाही. गावचे नट गेले.

माझ्या लहानपणी नाटक गावच करायचं. धानाची रोवणी आटोपली की देवळात तालीम सुरू. माझे वडील राजा, किराणा दुकानदार प्रधान, शाळेतले गुरुजी दिग्दर्शक. स्त्री-भूमिकांपुरत्या नट्या बाहेरून बोलवायच्या. शेजारच्या गावातून पेटीमास्तर सायकलने यायचे आणि पद बसेपर्यंत वडिलांना ‘राजेसाहेब, सूर!’ म्हणून दटावायचे. चिखल तुडवताना बाबा भाषणं पाठ करायचे. बैलांनीही ती ऐकलेली असणार. प्रयोगात ते दोनदा चुकले तरी पुढे वर्षभर आख्खं गाव त्यांना राजेच म्हणायचं.

कंपन्या आल्या आणि हे हळूहळू बंद झालं. कुणी बंद पाडलं नाही. एक वर्ष आमच्या मंडळाने विचार केला, की तीन महिने घसा फोडण्यापेक्षा वडशाहून तयार नाटक आणलं तर तिकीट जास्त खपेल. खपलंही. दुसऱ्या वर्षी तालमीचा विषयच निघाला नाही. जे पूर्वी मंचावर उभे राहायचे ते दारावर तिकिटं फाडायला उभे राहिले. हे पाप टीव्हीच्या माथी मारता येत नाही. आमच्या नाटकाला नाटकानेच, त्याच्या चांगल्या चाललेल्या धंद्यानेच बाजूला सारलं. गोव्यात देवळांच्या उत्सवात अजून गावकरी स्वतः तोंडाला रंग लावतात असं ऐकलं, की मला हेवा वाटतो, आणि आमच्या मंडपातल्या तुडुंब गर्दीकडे पाहून तो विसरलाही जातो.

मामेभावाला फोन केला. हा मजकूर का पाठवलास, विचारलं. म्हणाला, ‘वाचला नाही गा, आला तसा पुढे ढकलला. वडशाला आलो आहे, तारीखच मिळत नाही.’

आमच्या गावातली पायपेटी अजून आहे. देवळामागच्या खोलीत, भाता फाटलेला. मोसमात तिच्यावर तिकिटांची पुस्तकं ठेवतात.