भांडेवाडीचं कौतुक आणि डागा लेआउटचा चिखल : एका ताईंना उत्तर

ताई, उत्तर द्यायला चार दिवस लागले, सॉरी. पहिल्या दिवशी तुमची कमेंट वाचून डोकं तापलं, दुसऱ्या दिवशी वाटलं निम्मी तर खरीच आहे, मग म्हटलं शांतपणे लिहावं.

बाकीच्यांसाठी सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी आपल्या नागपूरच्या भांडेवाडीतल्या, सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं कौतुक केलं होतं. त्यावर ताईंनी लिहिलं की, "मनपाची आरती ओवाळायचे किती मिळाले? २३ सप्टेंबरला डागा लेआउटात माझ्या आईच्या घरात छातीएवढं पाणी होतं, तेव्हा कुठं होती तुमची आदर्श मनपा? पर्यावरण-बिर्यावरण सोडा म्हणा त्यांना, आधी नाल्या साफ करा."

मिळालं काहीच नाही, उलट घरटॅक्सचं बिल आलं.

पहिले जे तुमचं बरोबर आहे ते. नागपूरच्या पाण्यावर मी एवढी मोठी पोस्ट लिहिली आणि तिच्यात २०२३ च्या पुराचा एक शब्द नाही. मध्यरात्रीनंतर दोन-चार तासात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये, चार माणसं गेली, हजारो घरं खराब झाली, आणि मी लिहून राहिलो प्लांटच्या टाक्यांवर. चूक झाली. आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. तिसऱ्या दिवशी कॉर्पोरेशन कॉलनीत मित्राकडे गेलो होतो, फ्रिज दिवाणावर पाठीवर पडला होता, चिखलाची रेघ बरोब्बर स्विचबोर्डाच्या वरून गेलेली, आणि मित्राची आई गव्हाची कोठी उपसून अंगणात ओतत होती. मला म्हणाली, "पाहा ना, गव्हाले गडरचा वास येऊन राहिला." ओंजळभर उचलून नाकाशी धरला. खरंच येत होता.

पण "पर्यावरण सोडा, नाल्या साफ करा" हे काही मला पटलं नाही. ताई, तुमच्या आईच्या घरामागून जे वाहते ना, तीच नाली आणि तेच पर्यावरण. लाव्हाच्या टेकड्यांकडून नाग नदी येते, अंबाझरीत थांबते, मग शहराच्या पोटातून पार पलीकडे जाते. तिच्यावर डागा लेआउटाजवळ स्केटिंग रिंकच्या पार्किंगसाठी स्लॅब टाकला होता, पुरानंतर तो तोडायला घेतला. तलावाच्या ओव्हरफ्लोसमोर विवेकानंदांचा पुतळा बसवला, तो वाद हायकोर्टापर्यंत गेला. आता सांगा, हा नाली साफ न केल्याचा प्रश्न आहे का? गाळ काढायला उन्हाळ्यात पोकलॅन मशिनी उतरतातच नाग, पिवळी, पोरा तिन्ही नद्यांत. नदीला हातपाय पसरायला जागाच ठेवली नाही, तर पोकलॅन काय करणार? नदीला नदी म्हटलं असतं तर डोक्यावर गाड्या लावायची कोणाची हिंमत झाली नसती, नाला म्हटलं म्हणून झाली.

अजून एक गोष्ट, जिच्यावर कोणी बोलतच नाही. त्या रात्री नागपूरला एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ ला मुदत संपली, तोवर निवडणूक झाली नव्हती, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे पाणी घरात शिरल्यावर रात्री तीन वाजता ज्याला फोन करून चार शिव्या घालाव्या, तो माणूसच कायद्यानं अस्तित्वात नव्हता. माजी होते, आलेही काही जण, पण माजी तो माजीच.

आता भांडेवाडी. त्या प्लांटवर नाल्यांचा पैसा उडवला असं तुम्हाला वाटते, पण ते तसं नाही. कोराडीच्या वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे तीन नवे संच आले, त्यांना पाणी पाहिजे होतं, आणि पाणी म्हटलं की आपल्याकडे पेंच नदीचं धरण. मग २००८ मध्ये मनपा आणि महाजेनको, म्हणजे सरकारी वीज कंपनीचा करार झाला की नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीला द्यायचं. काही पैसा जेएनएनयूआरएम या शहरांसाठीच्या योजनेतून केंद्राचा, बाकी महाजेनकोचा, आणि दिवसाला १३ कोटी लिटरचा प्लांट उभा राहिला. आपण फ्लश केलेल्या पाण्यावर वीज बनते आणि मनपाला वर पैसे मिळतात. आठवा २०१९ चा जुलै, पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलेलं, वर मध्य प्रदेशात त्याच नदीवर चौराई धरण झालेलं, आणि आपल्याला एक दिवसाआड पाणी. कोराडीचं तेही पाणी पेंचमधून जात असतं तर काय झालं असतं? म्हणून मी कौतुक केलं आणि ते मी मागे घेत नाही.

पण तुमच्या कमेंटनंतर एक गोष्ट डोक्यात बसली, जी पोस्ट लिहिताना नव्हती. भांडेवाडीचं काम झालं कारण त्या पाण्याला गिऱ्हाईक होतं. मीटर होतं, करार होता, पाणी कमी पडलं तर समोरून जाब विचारणारी कंपनी होती. नाग नदीला गिऱ्हाईक कोण? तुमची आई. तिचा कोणाशी करार नाही, ती फक्त टॅक्स भरते. आणि तिच्याही पलीकडे भंडाऱ्याचे लोक, कारण नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि आपण केलेली घाण गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात जाऊन बसते. ते तर आपल्या मनपाला मतदानही करत नाहीत! नदीसाठी जायका या जपानी संस्थेच्या कर्जाचा मोठा प्रोजेक्ट किती वर्षांपासून ऐकून राहिलो, नीरीसारखी पर्यावरण संशोधनाची संस्था आपल्याच शहरात १९५८ पासून बसली आहे, कायद्यानं दरवर्षी ३१ जुलैच्या आत आयुक्तांनी पर्यावरणाचा अहवाल द्यायचा असतो. म्हणजे कागद भरपूर आहे, मागे लागणारं कोणी नाही.

आता स्वतःचीही थोडी धुलाई करतो, नाहीतर म्हणाल नुसतं लेक्चर. परवा आमच्या घराच्या मागचं चेंबर उघडलं तर दिसलं की गच्चीवरच्या पावसाचा पाइप सरळ गडरलाइनमध्ये सोडलेला आहे. बारा वर्षांपूर्वी मीच प्लंबरला म्हटलं होतं, "कुठंही सोड भाऊ, अंगणात पाणी नको." गल्लीत विचारलं तर अकरापैकी नऊ घरांचं तसंच. म्हणजे जोराचा पाऊस आला की आमच्या गच्च्यांचं सगळं पाणी गडरमध्ये आणि उताराला जे घर आहे त्यांच्या बाथरूमच्या जाळीतून ते वर. तिथल्या काकू दरवर्षी जुलैत मनपाच्या नावानं बोटं मोडतात, आणि आम्ही नऊही घरं माना हलवत होतो, हो ना काकू, काही कामाचे नाहीत हे मनपावाले. माझा पाइप काढला, खड्डा करून जमिनीत सोडला, साडेतीन हजार लागले. बाकी आठांपैकी दोघं हो म्हणाले, एक जण म्हणाले पाहू दिवाळीनंतर. पावसाळा काय दिवाळीनंतर आहे का!

काकूंना अजून सांगितलं नाही. हिंमत होऊन नाही राहिली.

बरं ताई, भांडेवाडीची पोस्ट मी काढणार नाही, पण पुराचा भाग तिच्यात टाकतो, खाली नाही, सगळ्यात वर. आईच्या भिंतीवर चिखलाची रेघ अजून असेल, रंग दिला नसेल, तर बाजूला कोणाला उभं करून एक फोटो पाठवा. आई स्वतः उभ्या राहिल्या तर बेस्ट, चेहरा दिसला नाही तरी चालेल, रेघ अंगाला कुठपर्यंत येते तेवढं दिसलं पाहिजे.