खुलासा: पऱ्हाटीच्या ‘जिवंत विटे’वर दोन मजले चढत नाहीत

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की कपाशीच्या पऱ्हाट्या आणि मशरूमची बुरशी मिळून वीट बनते, ती जिवंत राहते, भेग पडली तर स्वतःच भरते, सिमेंटशिवाय दोन मजले चढवा. कृपया असंच पुढे पाठवू नका.

वीट बनते हे खरंय. पऱ्हाटी बारीक करून वाफवायची, बुरशीचं बियाणं मिसळून साच्यात भरायची, अंधारात काही दिवसांत पांढरे धागे सगळा भुसा घट्ट बांधून टाकतात, पण नंतर ती तापवून वाळवतात म्हणजे बुरशी मरते, मग भेग भरणार कोण? भेगा भरतं ते नेदरलँड्सच्या हेंक योंकर्स यांचं बॅक्टेरियावालं काँक्रीट, पाणी शिरलं की त्यातले जिवाणू जागे होऊन चुनखडी बनवतात, तेही साधारण ०.८ मिमीपर्यंतच्याच भेगेत. आणि त्यात सिमेंट असतंच!

मेसेजसोबतच्या फोटोतला गोल बुरुज न्यूयॉर्कचा ‘हाय-फाय’, २०१४ चा, अशाच बुरशीच्या सुमारे १०,००० विटांचा, पण उन्हाळ्यापुरताच उभा केलेला, नंतर उतरवून विटांचं खत केलं. अशी वीट साधारण ०.२ मेगापास्कल दाब सोसते, आपल्या भाजलेल्या विटेला किमान ३.५ लागतो, आता तुम्हीच बघा.

याचा खरा उपयोग पॅकिंगला, किंवा पत्र्याखाली ऊन अडवणाऱ्या पॅनलला, आपल्या मे महिन्यात तेही काही कमी नाही, फक्त पावसाचं पाणी लागू द्यायचं नाही. घराच्या भिंतीसाठी कुणी अशा विटांच्या बुकिंगचे पैसे मागत असेल तर देऊ नका.