दातांना कातडी कुठून आली?

अभिजात दर्जा २०२४ मध्ये मिळाला, तरी इंग्रजीतून शब्दशः उचललेल्या वाक्प्रचारांनी मराठी बिघडते का, हा आपल्याकडचा वाद चालूच आहे. इथे लंडनमध्ये कानांवर पडणारा एक वाक्प्रचार त्यात घासून बघावा. दार बंद होता होता कुणी ट्रेनमध्ये शिरला की म्हणतो, 'बाय द स्किन ऑफ माय टीथ'. दातांच्या कातडीने! दातांना कातडी नसतेच, म्हणजे निसटायला जागा जवळपास नव्हतीच.

हा वाक्प्रचार मुळात हिब्रू. बायबलमधल्या 'ईयोब' या पुस्तकात, १९व्या अध्यायाच्या २०व्या वचनात तो येतो. मुलं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गमावलेला ईयोब तिथे बोलतोय. जुन्या लॅटिन भाषांतराने 'दातांभोवती फक्त ओठ उरले' असा अर्थ लावला. १५६० च्या जिनिव्हा बायबलने मात्र शब्दाला शब्द ठेवला: दातांच्या कातडीनिशी निसटलो. १६११ च्या किंग जेम्स बायबलनेही तेच ठेवलं. पुढे लोकांच्या तोंडी 'विथ'चं 'बाय' झालं. 'निशी' जाऊन 'ने' आला आणि 'एवढंच हाती उरलं'चा अर्थ 'एवढ्याने वाचलो' असा झाला.

जिनिव्हातले ते भाषांतरकार इंग्लंडच्या कॅथलिक मेरी राणीच्या छळातून पळालेले प्रोटेस्टंट इंग्रज होते. परक्या मुलखात बसून केलेलं शब्दशः भाषांतर मायदेशी रुजलं. तेव्हा निव्वळ शब्दशः म्हणून कशाला नाकारणं मला पटत नाही.

तरीही 'दातांच्या कातडीने वाचलो' मराठीत नको, कारण आपल्याकडे नुकसानीचं माप आधीच आहे. काहीच गेलं नाही तर 'थोडक्यात बचावलो'. गाडीचा चुराडा झाला पण माणूस वाचला, तर 'जिवावरचं शेपटावर निभावलं': पाल शेपूट टाकून पळते, तसं. ईयोबाच्या बोलण्यातली ही किंमत इंग्रजीने वाटेत गमावली, आपण जपली. मरण दारात येऊन परतलं तर 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती'. पस्तीस गुणांना मात्र यातलं काहीच चालत नाही, तिथे 'काठावर पास'.

इथली मुलं नेमकी याच ठिकाणी चुकतात. इंग्रजीत ट्रेन, परीक्षा आणि अपघात एकाच वाक्प्रचारात बसतात, म्हणून ती मराठीतही एकच शोधतात आणि ट्रेन मिळाल्यावर 'काळ आला होता' म्हणून मोकळी होतात. रविवारच्या मराठी वर्गात वाक्प्रचार आणि अर्थ अशी यादी पाठ करून घेऊ नये. आधी प्रसंग सांगावा, काय गेलं आणि काय उरलं ते मुलांना विचारावं, आणि मगच वाक्प्रचार निवडायला लावावा.