खटका दाबणार कोण?

जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा म्हटलं की लोक फिल्म कुठली नि लेन्स कुठली यावर तासभर बोलतात. खरी अडचण त्यांना ठाऊकच नसते. आपण कॅमेऱ्याच्या पुढे, खटका, म्हणजे फोटो काढायचं बटण, कॅमेऱ्याच्या डोक्यावर, आणि देवाने हात दिलाय जेमतेम अडीच फुटांचा. मधलं अंतर कापायला माणसाने आजवर बरीच हत्यारं काढली, पण त्यातलं प्रत्येक हत्यार येताना आपापला चेहरा घेऊन येतं. तेव्हा रिलीज (दुरून खटका दाबायच्या हत्याराला हेच म्हणतात) निवडणं म्हणजे फोटोत आपलं थोबाड कसं यावं ते ठरवणं. दुकानदार हे सांगत नाही.

माझ्याकडे पेंटॅक्स के १००० आहे. मामा कुवेतला होते, त्यांनी आणलेला. हे मॉडेल १९७६ साली बाजारात आलं आणि १९९७ पर्यंत बनत राहिलं. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. सगळा कारभार यांत्रिक. बटणाएवढा सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यासाठी, आणि त्या काट्याला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण घाला, की तो झोपतो. शिकाऊ पोरांना परवडावा म्हणून कंपनीने जे जे गाळता आलं ते गाळलं, आणि त्या भरात सेल्फ टायमरही, म्हणजे काही सेकंदांनी आपोआप खटका दाबणारी सोयही, गाळली. शिकाऊ पोराने आधी चार दुसऱ्यांचे फोटो काढावेत, मग स्वतःच्या तोंडाकडे वळावं, असा काही शिस्तीचा विचार त्यामागे असेल.

"खिशात फोन आहे ना?" बायको म्हणाली.

"तो वेगळा फोटो."

"वेगळा म्हणजे? त्यात तू नसतोस?"

या प्रश्नाला फिल्मवाल्यांकडे अजून उत्तर नाही. आम्ही अशा वेळी ट्रायपॉडचे पाय उघडायला घेतो.

पहिला मान केबल रिलीजचा. खटक्याच्या मधोमध बारीक निमुळते आटे असतात, त्यात ती पिळून बसवायची. एका टोकाला दट्ट्या, आत तार. दट्ट्या दाबला की दुसऱ्या टोकातून सुईसारखी दांडी बाहेर येते आणि खटका ढकलते. इतकं साधं. तरी त्यातही जाती आहेत. निकॉनच्या एफ आणि एफ २ या कॅमेऱ्यांना हे आटे चालत नाहीत, त्यांना बाहेरून टोपीसारखी बसणारी एआर २ नावाची केबल लागते. एफएम, एफई वाल्यांना एआर ३. माझा एक मित्र एफ २ आणि एआर ३ असा जोडा गेली काही वर्षं सांभाळून आहे. पत्रिका जुळत नाही, पण मोडवतही नाही.

माझ्या केबलची लांबी अर्धा मीटर. ती ट्रायपॉडवरचा कॅमेरा हलू नये म्हणून असते, समोर जाऊन बसायला नव्हे. तरी आपण बसतोच. मग एक हात चौकटीबाहेर, तो खांदा उतरलेला, मान विरुद्ध बाजूला आणि चेहऱ्यावर बसच्या खिडकीतून पडलेली पिशवी उचलणाऱ्याचा भाव. एक मीटरची केबलही मिळते. तिने खांदा थोडा वर येतो, भाव तोच.

दुसरं हत्यार ऑटोक्निप्स. ज्या कॅमेऱ्यांना सेल्फ टायमर नव्हता त्यांच्यासाठी जर्मनीत बनलेलं हे चावीचं छोटं यंत्र. केबलच्या जागी ते पिळायचं, चावी द्यायची, कळ सोडायची. ते कुरकुरत राहतं आणि शेवटी दांडी बाहेर काढून खटका दाबतं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला ते गंजलेल्या कड्याकोयंड्यांच्या ढिगात सापडलं. विकणाऱ्याच्या मते ते घड्याळाच्या आतलं काहीतरी होतं, आणि मी त्याचं मत बदलायच्या फंदात पडलो नाही. (किंमत वाढली असती.) यंत्र उत्तम चालतं. चालत नाही तो माणूस. त्या कुरकुरीत पाठीमागे एक घाई असते. आपण धावतो, पायाला सतरंजी अडकते, स्टुलावर बसतो आणि श्वास रोखतो. फोटोत येतो तो लोकल पकडलेला इसम.

ही धावाधाव मात्र परंपरेला धरून आहे. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ साली स्वतःचा फोटो काढला, तोच आज जगातल्या पहिल्यावहिल्या स्वप्रतिमांमध्ये धरतात. घरच्या दिव्यांच्या दुकानामागच्या अंगणात कॅमेरा लावला, लेन्सचं झाकण काढलं आणि पुढे जाऊन उभा राहिला. तेव्हा फिल्मच्या जागी असायचे त्या पत्र्यांना उजेड पुरायला मिनिटं लागत, म्हणून एवढं जमलं. फोटो बघा: केस विस्कटलेले, हात छातीशी आणि गडी चौकटीच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला. आम्ही त्याच घराण्यातले.

आता मुख्य पदार्थ. एअर रिलीज. रबरी फुगा, त्याला सहा मीटर लांब बारीक नळी, नळीच्या टोकाला धातूचा पिस्टन. फुगा दाबला की नळीतली हवा पिस्टन ढकलते, पिस्टन खटका. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात मी तो मागितला तेव्हा दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग मागच्या भिंतीकडे पाहिलं. "साहेब, फुगा पाहिजे तर आता डॉक्टर लोकांकडे बघा." पण पोऱ्याला माळ्यावर चढवलं, आणि खाली आलेल्या खोक्यात तो निघाला, नळीला जुन्या रबराचा तो चिकट वास. फुगा जुन्या रिक्षाच्या भोंग्यासारखा. दाबल्यावर तोंडातून आपोआप 'पों' निघतं, ते थांबवता येत नाही. ओठ गोल झालेले माझे जे फोटो आहेत ते याच काळातले.

घरी आल्यावर या फुग्याचे गुण कळायला लागतात. पहिला, फुगा ठेवायचा कुठे? हातात धरला तर दवाखान्यात रक्तदाब मोजायला बसल्यासारखं दिसतं. पाठीमागे लपवला तर दोन्ही हात मागे, चेहरा गुन्हेगाराचा. काखेत धरला तर दाबताना कोंबडीसारखा पंख हलतो. उरला पाय. चटईखाली फुगा आणि वर टाच. ही जुन्या जाणत्यांची पद्धत आणि ती खरंच चांगली आहे, फक्त टाच दाबताना माणूस नकळत जबडाही दाबतो. आई फोटो बघून म्हणाली, "पोट साफ होत नाही का रे तुझं?"

दुसरा गुण म्हणजे हवा. तार ढकलली की लगेच ढकलली जाते. हवा आधी दबते, विचार करते, मग निघते. नळी जितकी लांब तितका विचार मोठा. त्यात के १००० चा खटका बराच खोल जातो, तेव्हा पिस्टनचा दम अर्ध्यात संपण्याचीही शक्यता. आपण दाबतो, काही होत नाही; पुन्हा दाबतो; "झाला का?" म्हणून कॅमेऱ्याकडे मान पुढे काढतो, आणि नेमका तेव्हा होतो. कॅमेऱ्याच्या आतला आरसा वर जाण्याचा आवाज चांगला दणदणीत आहे, पण वर पंखा चालू, स्वयंपाकघरात कुकर, तेव्हा तो ऐकू येईलच असं नाही. मग उठून जायचं आणि फिल्म पुढे सरकवायची कळ ओढून बघायची. ओढली गेली तर फोटो झालेला. अडली तर व्हायचा आहे. तशीही प्रत्येक फोटोनंतर उठून ती ओढावीच लागते, त्यामुळे सहा मीटरच्या नळीने वाचवलेली पायपीट ही कळ वसूल करून घेते.

फोकसचं दुखणं वेगळंच. ५० मिलिमीटरची लेन्स, तिचं तोंड एफ/२ इतकं उघडं (हा एफ २ म्हणजे निकॉन नव्हे), समोर दीड मीटरवर मी; स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १० सेंटिमीटरचा. मी नसताना माझ्या जागी कुणावर फोकस करायचा? स्टुलावर लोड उभा केला, त्याला माझा चष्मा लावला. लोड हलत नाही, पोट आत घेत नाही, की उगीच हसत नाही. त्याचा एक फोटो मी चुकून काढला, आणि घरात एकमताने ठरलं की त्या रोलमधला बरा तोच.

त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य यांनी १८८० च्या सुमारास राणी मनमोहिनी देवींना जवळ घेऊन स्वतः दोघांचा फोटो काढला, त्याला भारतातली पहिली सेल्फी म्हणायची पद्धत आहे. दूरवरून शटर चालवलं म्हणतात. महाराज काय शांत दिसतात! अर्थात कळ ओढायला त्यांना उठावं लागलं नसणार.

म्हणून मीही एकदा माणूस लावून पाहिला. आईला कॅमेऱ्यामागे उभं केलं, सगळं जुळवून दिलं आणि सांगितलं, "आई, मी मान हलवली की फक्त दाब." तिने दाबलं. दाबायच्या आधी ट्रायपॉड थोडा फिरवला, कारण मागे वाळत घातलेले टॉवेल दिसत होते. शिवाय, "मी काढलेला फोटो कसा आला?" असं ती सगळ्यांना विचारत होती. तिचं चूक नाही. दाबेल त्याचा फोटो, असाच जगाचा कायदा आहे, आणि त्यापायीच तर हा सगळा खटाटोप.

शेवटी राहिला आरसा. व्हिव्हियन मायर या लोकांची मुलं सांभाळणाऱ्या बाईने शिकागोच्या रस्त्यांवर दुकानांच्या काचांत, आरशांत, अगदी स्वतःच्या सावलीतही स्वतःला टिपलं. गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा, नजर भलतीकडे, ना फुगा ना धावाधाव. आमच्याकडे शिकागो नाही, कपाटाचा आरसा आहे. त्याच्यासमोर ट्रायपॉड, अर्धा मीटरची केबल, आणि कॅमेऱ्याशेजारी मी उभा. खांदे दोन्ही जागेवर, जबडा सैल, ओठ मिटलेले. एवढा माणसासारखा मी कुठल्याच रिलीजने आलो नव्हतो.

आरशात फोकस धरताना कॅमेऱ्यापासून काचेपर्यंतचं आणि काचेपासून पुन्हा माझ्यापर्यंतचं, अशी दोन्ही अंतरं मिळून धरावी लागतात. पण भिंगातून वाकून बघताना मी कॅमेऱ्यामागे झाकलेला, आणि आरशात सर्वांत ठसठशीत गोष्ट एकच. लॅबमधून स्कॅन आले. मागे पुसट मी. पुढे, बरोबर माझ्या दोन भुवयांच्या मधोमध, काठावरच्या चमकीसकट लख्ख, एक मरून टिकली.

बायकोने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"अगं बाई! ही इथे होती होय? पाकिटातली शेवटची. मी मोलकरणीला विचारत होते."